गोदीचं काम आता कुठे आहे?

उरण, पनवेलच्या बाजूला मुलगा बारावी झाला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: पोर्टात चिकटायचं कसं? ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हापासून डहाणू-पालघरकडेही तोच प्रश्न विचारला जातोय. उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. कुणी सांगतं, लाखांनी रोजगार येणार. कुणी म्हणतं, सगळं यंत्रावर गेलंय, तिथे माणसाला काम उरलेलं नाही. या दोन्हींतून त्या मुलाला काहीच कळत नाही. जहाजातला माल आपल्या दुकानापर्यंत येताना वाटेत कोणाकोणाचे हात लागतात, त्या हातांना पगार कोण देतं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्यांतले कोणते हात लागत राहतील, हे त्याला कळायला हवं. ते नीट सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागते, कारण गोदीतल्या नोकरीला जी काही प्रतिष्ठा आहे ती मुंबईच्या जुन्या गोद्यांमध्ये मिळवलेली आहे.

मुंबईत पोर्ट ट्रस्ट आला १८७३ साली. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाली. ही तिसरी म्हणजे आजची इंदिरा गोदी. पहिल्या दोन गोद्यांत जहाज आत घ्यायचं तर भरतीची वाट पाहावी लागे. इंदिरा गोदीच्या तोंडाशी दरवाजे असलेला लॉक आहे, त्यामुळे ओहोटीतही आतल्या पाण्याची पातळी टिकते.

आत आलेल्या जहाजातून धान्याची किंवा साखरेची पोती कशी उतरत, ते पाहू. जहाजाच्या पोटात, म्हणजे होल्डमध्ये, एक टोळी उतरे. ते लोक जाळीवर किंवा दोराच्या फासावर पोती रचत. एका खेपेला साधारण वीस पोती, म्हणजे टनभर वजन. वर हॅचच्या, म्हणजे होल्डच्या तोंडाच्या, काठावर इशारा देणारा उभा असे. विंचवाल्याला होल्डमधलं काही दिसत नसे, तो फक्त इशारेवाल्याचा हात बघे. हात वर गेला की विंच फिरे, हुक ताणला जाई आणि पोती जहाजाच्या कठड्यावरून धक्क्यावर येत. धक्क्यावरची टोळी ती सोडवून हातगाडीवर घाली आणि शेडमध्ये नेऊन थप्पी लावी. बाजूला टॅली क्लार्क वही घेऊन प्रत्येक खेप मोजे. जहाजाचा मोजणारा वेगळा, धक्क्याचा वेगळा. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर भांडण ठरलेलं.

जहाजावरचे कामगार आणि धक्क्यावरचे कामगार हे दोन वेगळे वर्ग होते. दोघांचे हात एकाच हुकाला लागत, पण मालक वेगळे. जहाजावरची माणसं स्टीव्हडोअर, म्हणजे जहाजातला माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंपनीची, आणि ती जमवून आणणारा सारंग किंवा मुकादम. धक्क्यावरचं काम पोर्ट ट्रस्टचं, पण माणसं पुरवणारा टोळीवाला. सकाळी गोदीच्या दारात गर्दी व्हायची. त्यातून सारंगाची किंवा टोळीवाल्याची नजर ज्याच्यावर पडेल त्याला त्या दिवशी काम. जहाजं कधी एकदम दहा येत, कधी एकही नाही, म्हणून मालकांना हातांची भरपूर फौज दाराशी उभी असलेली हवी होती. पोसायची जबाबदारी मात्र नको होती. कोकणातून, घाटावरून, उत्तरेकडून आलेली माणसं माझगाव-डोंगरी-शिवडीच्या खोल्यांत दाटीनं राहत. मजुरीतला वाटा मधल्या माणसाला द्यावा लागे आणि उद्याचं काम त्याच्या मर्जीवर राही.

धोक्याचा हिशोबही असाच दुसऱ्याच्या हाती होता. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज लागलेलं होतं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी धूर दिसला, आग विझवायचे प्रयत्न झाले, आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतले आणि आसपासचे किती मजूर गेले, याचा नक्की आकडा कधीच लागला नाही. हजेरीच जिथे धड नोंदलेली नव्हती, तिथे तो लागणार कसा? मुंबईत या दिवसाची आठवण दरवर्षी अग्निशमन सप्ताहानं जागी होते. त्या मजुरांच्या नावांची यादी असती तर तीही दरवर्षी वाचली जायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

ही नोंद आली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला, त्याखालची मुंबईची योजना १९५१ ची. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी गोदीत बांधलेल्या संघटनेचा दाब त्यामागे होता. तरुण जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले तेव्हा कामगार चळवळीचं शिक्षण त्यांना डिमेलोंकडेच मिळालं. योजनेची कल्पना साधी होती. प्रत्येक कामगाराची नोंदणी करायची. कंपन्यांनी माणसं परस्पर न निवडता डॉक लेबर बोर्डाकडे मागायची. बोर्डानं ती पाळीपाळीनं, यादीतल्या क्रमानं द्यायची. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरी भत्ता, आणि महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी. त्यासाठीचे पैसे कंपन्यांवर बसवलेल्या आकारातून उभे राहत. जहाज यावं की येऊ नये हे कामगाराच्या हातात नाही, मग जहाज नसल्याचा भुर्दंड त्यानं का सोसायचा, हा त्यामागचा न्याय. पुढे टनावर मजुरी आली. ठरावीक मर्यादेला ‘डेटम’ म्हणत, तिच्या वर काम झालं की जादा पैसे.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, ज्यासाठी अण्णासाहेब पाटील यांनी लढा दिला. त्या कायद्याची मंडळंही याच धर्तीवर उभी राहिली: नोंदणी, मंडळ, मालकाकडून मंडळात पैसे, मंडळाकडून कामगाराला मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी. बाजार समितीत डोक्यावर पोतं घेणाऱ्या माथाड्याच्या पासबुकात गोदी कामगारांच्या लढ्याचा अंश आहे.

मग डबा आला. माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकमालकानं २६ एप्रिल १९५६ ला ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. माल कारखान्यातच डब्यात भरायचा, सील लावायचं आणि थेट गोदामात उघडायचा. मधल्या प्रवासात पोत्याला कुणाचा हात लागायचाच नाही. पुढे डब्यांची मापं जगभर एक झाली, वीस फूट आणि चाळीस फूट. वीस फुटी डबा हे मोजमापाचं एकक ठरलं, त्यालाच टीईयू म्हणतात.

हा फरक किती मोठा आहे, हे एका ढोबळ हिशोबात दिसतं. धक्क्यावरची एक मोठी क्रेन तासाला साधारण २५ डबे हलवते. आठ तासांच्या पाळीत २००. डब्यात सरासरी १२ टन माल धरला तर २,४०० टन. पन्नास किलोच्या पोत्यांत मांडलं तर ४८,००० पोती. ती एका पाळीत, एका क्रेनखाली, क्रेनचालकासकट जेमतेम दहा-पंधरा माणसांकडून उतरतात. विंचच्या काळात त्यासाठी किती टोळ्या आणि किती दिवस लागले असते, याचा अंदाज वाचकानं करावा.

मुंबईच्या गोद्या शहराच्या पोटात अडकलेल्या. मागे जागा नाही, रस्ते चोंदलेले. म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्या पट्ट्यातल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला होता. जानेवारी १९८४ मधल्या गोळीबारांत पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. उरण तालुक्यात आजही नोकरीच्या अर्जाबरोबर प्रकल्पग्रस्ताचा दाखला जोडला जातो. त्या कागदामागे हा इतिहास आहे.

इकडे मुंबईत १९९४ मध्ये डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. भरती थांबली, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकल्या. मुंबई बंदर बंद पडलेलं नाही. तिथे पोलाद उतरतं, गाड्या परदेशी जातात, जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजं लागतात, बॅलार्ड पिअरला क्रूझ येतात. पण वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट वसाहतीत ज्या प्रकारची नोकरी बापाकडून मुलाकडे जाई, ती संपली. आज त्या बंदराकडून निवृत्तिवेतन घेणारे कामावर असलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

न्हावा-शेव्यात २०२४-२५ या वर्षात सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले गेले. पण हे काम बंदर प्राधिकरण (जेएनपीए, पूर्वीचं जेएनपीटी) स्वतः करत नाही. १९९७ साली इथे खासगी टर्मिनलचा करार झाला, मोठ्या सरकारी बंदरातला तो देशातला पहिला. त्यानंतर एकेक टर्मिनल खासगी कंपन्यांकडे गेलं आणि २०२२ मध्ये प्राधिकरणानं स्वतः चालवायचं शेवटचं कंटेनर टर्मिनलही दिलं. प्राधिकरण आता जमीनमालक आहे. जहाजाला वाट दाखवणं, पाण्याची खोली राखणं, भाडं आणि महसुलातला वाटा घेणं हे त्याचं काम. म्हणून ‘जेएनपीटीत लागलो’ असं कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: प्राधिकरणात, टर्मिनलमध्ये, की टर्मिनलच्या ठेकेदाराकडे? पगार, सुट्टी, अपघातानंतरची भरपाई आणि म्हातारपण, सगळं या उत्तरावर ठरतं.

आता एका डब्यामागे चालू. जहाज बंदराबाहेर असतानाच त्याचा नकाशा टर्मिनलच्या प्लॅनरकडे आलेला असतो. कोणता डबा जहाजाच्या कोणत्या बेमध्ये, म्हणजे कप्प्यात, कितव्या रांगेत, कितव्या थरावर आहे, कोणता आधी काढायचा, कुठे ठेवायचा, हे संगणकावर मांडलेलं असतं. खोल समुद्रात बंदराचा पायलट जहाजावर चढतो, टग जहाजाला ढकलत-ओढत धक्क्याला लावतात आणि मूरिंगची माणसं रस्से खुंटांना अडकवतात. रस्सा ताणला असताना तुटला तर चाबकासारखा फिरतो आणि वाटेतला माणूस वाचत नाही. रश्शाच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा या कामातला पहिला धडा.

जहाज बांधलं की आधी लॅशिंगवाले चढतात. डेकवरचे डबे एकमेकांवर पाच-सहा, कधी आठ-नऊ थरांत रचलेले असतात. प्रत्येक डब्याच्या चार कोपऱ्यांत ट्विस्टलॉक नावाचा लोखंडी खटका असतो आणि खालच्या थरांना तिरक्या लांब सळ्यांनी आवळलेलं असतं. त्या सळ्या सोडवायच्या, खटके उघडायचे, ते अरुंद लोखंडी पुलांवर उभं राहून. सळी लांब आणि जड, ती डोक्यावर तोलून कोपऱ्यातून काढावी लागते. पावसाळ्यात लोखंड निसरडं, मे महिन्यात हात टेकवत नाही. डबा उतरवायला क्रेन लागते, पण तो मोकळा करायला अजून माणूसच लागतो. जगातल्या बहुतेक बंदरांत हे असंच आहे.

मग क्रेन. चालकाची काचेची केबिन धक्क्यापासून दहा-बारा मजले उंच असते. पायाखालीही काच. तो वाकून खाली बघत स्प्रेडर, म्हणजे डब्याला वरून पकडणारी चौकट, चार कोपऱ्यांवर बसवतो. वारा, जहाजाचं हलणं आणि दोरांचा झोका या तिन्हींचा अंदाज घेत, दर दोन-अडीच मिनिटांनी एक डबा. इतकी एकाग्रता आठ तास टिकत नाही, म्हणून एका क्रेनवर पाळीत दोघं आलटून पालटून बसतात. बरेच चालक मान आणि कंबर दुखावून घेतात. या दुखण्याची चर्चा भरतीच्या वेळी कुणी करत नाही, पण पंधरा वर्षं हे काम करायचं असेल तर ती झाली पाहिजे.

डबा खाली येतो तेव्हा धक्क्यावरची माणसं त्याच्या तळाचे खटके काढतात, आणि तो थेट ट्रेलरवर बसतो. टर्मिनलच्या आत फिरणाऱ्या या ट्रेलरला सगळे आयटीव्ही म्हणतात. चेकर डब्याचा क्रमांक, सील आणि पोचे तपासतो. क्रमांकात चार अक्षरं आणि सात आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा आधीच्यांवरून गणितानं काढलेला, वाचताना चूक झाली तर पकडण्यासाठी. पूर्वीचा टॅली क्लार्क तो हाच. पण आता क्रमांक टिपायचं काम मोठ्या प्रमाणावर कॅमेरे करतात, गेटवर ट्रकची ओळख आरएफआयडी टॅगनं पटते. चेकरच्या जागा कमी होत गेल्या आणि आणखी होतील. या कामाच्या भरवशावर कुणी आयुष्याचा बेत आखू नये.

यार्डात रबरी टायरांची उंच चौकट डबा उचलून थप्पीत ठेवते. ती आरटीजी. तिथेच एका बाजूला रीफर, म्हणजे थंड डब्यांच्या रांगा असतात. जानेवारी ते एप्रिल नाशिकची द्राक्षं यातून युरोपला जातात. डबा जहाजावर असो वा यार्डात, त्याला वीज सतत हवी आणि आतलं तापमान सतत बघायला हवं. रीफरच्या तंत्रज्ञाकडून एक प्लग जोडायचा राहिला तर एका शेतकऱ्याचं वर्ष वाया जाऊ शकतं. हे काम शिकलेल्या माणसाला मागणी आहे आणि राहील, कारण थंड माल वाढतोच आहे.

यार्डातून डबा रेल्वेनं देशात जातो किंवा ट्रकनं बाहेर पडतो. पुष्कळ डबे द्रोणागिरी, जासई, पनवेलच्या परिसरातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत, म्हणजे सीएफएसमध्ये पोचतात. कस्टमची तपासणी, लहान व्यापाऱ्यांचा माल वेगळा करणं, निर्यातीचा माल डब्यात भरणं, हे सगळं तिथे होतं. लेखाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे. डब्याचं दार उघडलं की आत पोती, खोकी, गाठी, पिंपंच असतात. पॅलेटवर असतील तर फोर्कलिफ्टनं निघतात, नाहीतर हातानं आणि खांद्यावरून. बंदरातून हद्दपार झाल्यासारखी वाटणारी हमाली काही किलोमीटर मागे सरकली आहे. बंदरात असताना तिच्याभोवती बोर्ड होतं, नोंदवही होती, करार होता. गेटबाहेर गेल्यावर ते कवच सगळीकडे तिच्याबरोबर गेलं नाही. काही ठिकाणी माथाडी मंडळाची नोंदणी आहे, बऱ्याच ठिकाणी नुसता ठेकेदार. काम तेच, ओझं तेच, पण जेएनपीएचा वेतनकरार या माणसाला लागू नाही. गोदी कामगारांचं नुकसान फक्त यंत्रानं झालं असं म्हणणं अपुरं आहे. कामगार कोणाला म्हणायचं, ती रेघच गेटच्या आत ओढली गेली.

सुरक्षेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य आणि कल्याणाचा कायदा झाला आणि १९९० मध्ये त्याचे सविस्तर नियम आले. आता तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. नियमांचा गाभा जुनाच: क्रेन, दोर, साखळ्या यांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीनं चाचणी, कामगारांची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण. १ जुलै २०१६ पासून जगभर प्रत्येक भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन जहाजावर चढण्याआधी कळवावं लागतं, कारण खोट्या वजनानं थप्प्या कोसळल्या आहेत.

नव्या मुलांना ज्याची कल्पना नसते असा धोका बंद जागेचा आहे. होल्डमध्ये कोळसा किंवा लाकडाचे ओंडके बरेच दिवस पडून असतील तर ते हवेतला प्राणवायू शोषून घेतात. वास येत नाही, धूर दिसत नाही. माणूस शिडीनं उतरतो आणि काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावत उतरतो आणि तोही जातो. धान्याच्या डब्यात कीड मारायला सोडलेला वायू उरलेला असतो, दार उघडताक्षणी आत शिरणाऱ्याला तो लागतो. म्हणून आधी हवा मोजायची, दारं उघडून वारा खेळू द्यायचा, आणि मोजल्याशिवाय उतरायला सांगणाऱ्या मुकादमाला ‘नाही’ म्हणायचं. हा नकार एकट्यानं देणं अवघड असतं. ठेक्यावरच्या माणसाला तर फारच अवघड, कारण उद्याची पाळी त्याच मुकादमाच्या हाती आहे. सुरक्षेचा प्रश्न हेल्मेटच्या आधी नोकरीच्या पक्केपणाचा आहे, असं मी मानतो.

मग मुलांनी जावं कुठे? क्रेनचालक व्हायचं तर सरळ क्रेनवर कुणी बसवत नाही. सहसा अवजड वाहनाचा परवाना आणि आयटीआय किंवा डिप्लोमा घेऊन आयटीव्हीपासून सुरुवात होते, मग आरटीजी, मग धक्क्यावरची क्रेन. नजर आणि खोलीचा अंदाज तपासतात, उंचीची भीती असेल तर तिथेच थांबावं लागतं. देखभालीची बाजू मला जास्त टिकाऊ वाटते. इलेक्ट्रिशियन, हायड्रॉलिक्स जाणणारा, क्रेनच्या नियंत्रण यंत्रणेतला दोष शोधू शकणारा माणूस. यंत्रं वाढतील तसा तो वाढेल. कागदाच्या बाजूला कस्टम ब्रोकरची कचेरी आहे. तिथे परीक्षा देऊन ‘जी’ कार्ड मिळवलेल्या माणसाला किंमत असते, आणि वाणिज्य शाखेतल्या मुलामुलींना हा रस्ता सहसा कुणी सांगतच नाही. लॅशिंगला शिक्षण फार लागत नाही, भरती लवकर होते. पण ते करताना पुढच्या दोन वर्षांत कोणतं कौशल्य शिकायचं हे ठरवून जावं, कारण चाळिशीनंतर ते अंगाला झेपत नाही. आणि ठेकेदाराकडे लागताना पीएफचा यूएएन क्रमांक आणि विमा पहिल्याच महिन्यात स्वतः तपासावा.

मुलींबद्दल मुद्दाम लिहितो. केरळमध्ये विळिंजमच्या बंदरात यार्डातल्या क्रेन नियंत्रण कक्षात बसून पडद्यावर बघून चालवल्या जातात, आणि तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या मुलींना प्रशिक्षण देऊन चालक म्हणून घेतलं आहे. आपल्या किनाऱ्यावर कोळीवाड्यांतल्या मुली आयटीआयला जातात, पण बंदराच्या भरतीत त्या फारशा दिसत नाहीत. शिडी आणि उंच केबिन ही सबब होती, ती आता उरलेली नाही.

वाढवणचं पुढे काय? ७६,२२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प, ७४ टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. एक-एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं आणि वीस मीटरच्या आसपासची नैसर्गिक खोली, म्हणून जगातली सर्वांत मोठी जहाजं इथे येऊ शकतील. सरकार बारा लाख रोजगारांचा आकडा देतं. तो वाचताना ‘प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष’ हे शब्द सोडू नयेत. पाळीत दोघं या हिशोबानं एका क्रेनला तिन्ही पाळ्या आणि सुट्ट्या धरून आठ-दहा चालक लागतात. नव्या टर्मिनलमध्ये यार्डाच्या क्रेन दुरून चालतील, आयटीव्हीही हळूहळू बिनचालकाचे होतील. रॉटरडॅममध्ये असे बिनचालकाचे वाहक १९९३ पासून धावतात. म्हणजे धक्क्यावरच्या नोकऱ्या लाखांत असणार नाहीत. मोठा आकडा बांधकामाचा, वाहतुकीचा, गोदामांचा आणि पुरवठ्याचा असेल, आणि तो गेटबाहेर असेल.

वाढवणच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आपली मासेमारीची जागा जाईल म्हणून वर्षानुवर्षं विरोध करत आहेत. त्यांना नोकरीचं आश्वासन देताना ही विभागणी खुली करून सांगितली पाहिजे: किती जागा टर्मिनलच्या पगारपत्रकावर, किती ठेक्यावर, किती फक्त बांधकामापुरत्या. जाळं सोडून येणाऱ्या माणसाला तीन वर्षांच्या बांधकामाची मजुरी म्हणजे बदली रोजगार नव्हे.

यंत्र थांबवता येणार नाही, पण त्याच्या अटी ठरवता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी तीन दिवसांचा संप केला. सहा वर्षांत ६२ टक्के वेतनवाढ मिळवली, आणि स्वयंचलित यंत्रं कशी आणायची हा विषयही करारात घ्यायला लावला. ते जमलं कारण तिथे धक्क्यावर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण एका करारात आहे. आपल्याकडे त्याच वर्षी २८ ऑगस्टपासून संपाची नोटीस होती. आदल्या दिवशी समझोता झाला, साडेआठ टक्के वाढ ठरली. मोठ्या सरकारी बंदरांतले सुमारे २०,००० कामगार त्यात आले. लॅशिंगवाले, आयटीव्हीचे चालक, सीएफएसमधले हमाल त्यात नव्हते.

तो करार १ जानेवारी २०२२ पासूनचा आहे आणि ३१ डिसेंबर २०२६ ला संपतो. पुढच्या वाटाघाटीत संघटना किती टक्के मागतात याची बातमी होईल. माझ्या मते त्याआधी मागायला हवी ती नोंदणी: न्हावा-शेव्याच्या गेटच्या आत-बाहेर डब्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची, मालक कोणीही असो. वाढवणमध्ये तर ती पहिलं जहाज लागायच्या आधी करता येईल, कारण तिथे अजून डबा हाताळायला एकही माणूस लागलेला नाही.